‘मूळ कागदपत्रे जोडणे अनिवार्य’ : विद्यापीठांच्या प्रवेश समित्यांना खुले पत्र

सन्माननीय कुलगुरू, कुलसचिव आणि प्रवेश समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणा एका विद्यापीठाला उद्देशून नाही. तुमच्या देशात निर्वासितांची छावणी असो वा नसो, असे विद्यार्थी तुमच्याकडे आजवर आले असोत वा नसोत, तुमच्या प्रवेश अर्जात एक ओळ बहुधा असतेच : ‘मूळ कागदपत्रे जोडणे अनिवार्य.’ आम्हांला त्या ओळीबद्दल बोलायचे आहे. आम्ही काही जण निर्वासित मुलामुलींना उच्च शिक्षणाचे अर्ज भरायला मदत करतो. पैशांअभावी अडलेली मुले आमच्याकडे येतात, भाषेमुळे अडलेली येतात, आणि या ओळीपाशी अडलेली तर सर्वांत जास्त. त्यांतली बरीचशी पुढे अर्जच करत नाहीत. तुमच्या दफ्तरी त्यांची नोंद होत नाही, कारण नाकारण्यासाठी आधी अर्ज यावा लागतो. म्हणून ‘आमच्याकडे निर्वासितांचे अर्जच येत नाहीत’ असे एखादे विद्यापीठ म्हणते, तेव्हा ते खरेच सांगत असते. फक्त त्याचे कारण त्याच्याच माहितीपत्रकात छापलेले असते.

शिष्यवृत्तीला पैसा लागतो. व्हिसा सरकारच्या हातात असतो. कागदपत्रांचा नियम मात्र तुमचा स्वतःचा आहे आणि विद्या परिषदेच्या एका ठरावाने बदलू शकतो. तरीही गेल्या काही वर्षांत आम्ही पाहतो ते असे, की विद्यापीठे शिष्यवृत्त्या जाहीर करतात, त्यांचे समारंभ होतात, छायाचित्रे छापून येतात, आणि नियम जिथल्या तिथे राहतो. मग त्या दोन-चार शिष्यवृत्त्या ज्यांच्याकडे सगळे कागद शाबूत आहेत अशा मोजक्या विद्यार्थ्यांत फिरत राहतात. एकाच मुलीला तीन ठिकाणांहून देकार आणि तिच्याच वर्गातल्या दहा जणींना एकही नाही, असे होते ते त्यामुळेच.

आता अर्जच उघडून बघा. पहिला रकाना नावाचा. आडनाव भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि अनेक समाजांत माणसाला एकच नाव असते. मग कोणी वडिलांचे नाव आडनाव म्हणून टाकतो, कोणी स्वतःचेच नाव दोनदा लिहितो, आणि ओळखपत्रावरचे नाव अर्जाशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. पुढचा रकाना जन्मतारखेचा. ज्यांच्या जन्माची कुठे नोंदच झाली नाही, त्यांच्या कागदांवर नोंदणी अधिकाऱ्याने १ जानेवारी घातलेली असते. एका घरातल्या चार भावंडांची जन्मतारीख १ जानेवारी असू शकते. तपासणाऱ्याला त्यात लबाडीचा वास येतो. नोंदणीच्या टेबलावर शेकडो माणसांची रांग असताना ती तारीख पडलेली असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग राष्ट्रीयत्व : यादीतून देश निवडा. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वाच्या बाहेर ठेवले. त्या समाजातल्या मुलाने या यादीतून काय निवडायचे? ‘राष्ट्रीयत्वहीन’ हा पर्याय फार थोड्या अर्जांत असतो. पासपोर्ट क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरांत सूचना येते. शेवटी अर्जशुल्क, तेही फक्त आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने. ज्याला बँकेत खाते उघडू देत नाहीत त्याच्याकडे ते कार्ड कुठून येणार, हा प्रश्न अर्ज तयार करणाऱ्याच्या मनातही आलेला नसतो. यात दुष्टावा कोणाचाच नाही. हे रकाने तुमच्या संगणक विभागातला माणूस एका दुपारी दुरुस्त करू शकेल, म्हणून त्यांच्यावर आम्ही फार वेळ घालवत नाही.

खरी अडचण पुढच्या पानावर आहे. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यांवर संबंधित देशाच्या वकिलातीचे साक्षांकन. हे शेवटचे कलम जिथे जिथे दिसते तिथे आम्ही हात जोडून विनंती करतो, की ते आजच काढा. ज्या राजवटीपासून जीव वाचवून माणूस पळाला, तिच्याच कचेरीत जाऊन त्याने ‘मी इथे आहे, माझा पत्ता हा, मला अमुक विद्यापीठात शिकायचे आहे’ असे सांगावे, अशी अपेक्षा त्या कलमात आहे. मागे राहिलेल्या आईवडिलांची चौकशी सुरू व्हायला एवढे पुरते. आणखी एक कायदेशीर गुंता आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातले पहिले कलम सांगते, की जो माणूस आपण होऊन पुन्हा मूळ देशाच्या संरक्षणाचा आधार घेतो, त्याचा निर्वासित दर्जा संपू शकतो. साध्या दाखल्यासाठी वकिलातीत गेल्याने तसे होतेच असे नाही. पासपोर्ट काढला तर मात्र प्रश्न नक्की विचारले जातात. अठरा-वीस वर्षांच्या मुलाने हा बारकावा कसा ओळखावा? तो आपला जातच नाही. गेला तर संरक्षण धोक्यात, न गेला तर प्रवेश नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

बरे, कागद नसण्याची कारणेही नीट समजून घ्यायला हवीत. ‘हरवले’ हा शब्द अर्जात लिहिला की तो निष्काळजीपणासारखा वाचला जातो. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि खार्टूममधली विद्यापीठे लुटली गेली, मोडली-जळाली. तिथे शिकणाऱ्याची गुणपत्रिका त्याच्याजवळ नाही आणि जिथे ती मागायची ते कार्यालयही जागेवर नाही. अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद राहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने स्त्रियांना विद्यापीठांतूनही बाहेर काढले. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीकडे पदवी नाही. तीन वर्षांचे शिक्षण आहे आणि ते दाखवायला पदवीपत्र मिळणे शक्य नाही. रोहिंग्या मुलांची गोष्ट अजून वेगळी आहे. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात आली. तिथल्या छावण्यांत मुले कित्येक वर्षे ‘शिक्षण केंद्रां’त बसली, म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात झाली तीही उशिरा, आणि शिकलेल्याला कोणत्याही परीक्षा मंडळाची मान्यता नाही. अशा मुलाकडे हरवण्यासारखे प्रमाणपत्रच कधी नव्हते.

या सगळ्यांना तुमचा अर्ज एकच प्रश्न विचारतो : कागद आहे का? तुम्हांला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच, की याला आमचा अभ्यासक्रम झेपेल का. कागद हा त्याचा एक पुरावा. तो सोयीचा आहे, स्वस्त आहे, म्हणून आपण सगळ्यांनी तो एकमेव मानला. दुसरे पुरावे शोधायचे तर थोडे कष्ट पडतात. पण ते कसे शोधायचे हे कोणी तरी आधीच करून ठेवले आहे, आणि आमच्या पत्राचा मोठा भाग त्याविषयीच आहे.

युरोप परिषद (युरोपीय देशांची एक संघटना) आणि युनेस्को यांनी मिळून केलेला १९९७ चा लिस्बन करार शैक्षणिक पात्रतांच्या मान्यतेविषयी आहे. त्याचे सातवे कलम म्हणते, की निर्वासितांची पात्रता कागदोपत्री सिद्ध करता येत नसेल तरीही ती न्याय्य रीतीने आणि लवकर तपासण्याची पद्धत प्रत्येक देशाने तयार करावी. हे कलम जवळजवळ वीस वर्षे बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. २०१५ मध्ये सिरिया, अफगाणिस्तान, इराक इथून लाखो माणसे युरोपात आली, तेव्हा ते लोकांना आठवले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने कागद नसलेल्यांसाठी तीन टप्प्यांची पद्धत ठरवली : अर्जदार खरोखर निर्वासित आहे का ते आधी पाहायचे, मग त्याने सांगितलेली शैक्षणिक वाटचाल पटण्याजोगी आहे का ते, आणि शेवटी परीक्षा किंवा मूल्यमापन घेऊन त्याची तयारी. नॉर्वेच्या शैक्षणिक गुणवत्ता संस्थेने मुलाखतीची पद्धत विकसित केली होती. तिच्याच पायावर युरोप परिषदेने २०१७ मध्ये ग्रीसमध्ये ‘निर्वासितांसाठी युरोपीय पात्रता पासपोर्ट’ सुरू केला.

या मुलाखतीचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण ‘मुलाखत घेऊन प्रवेश’ म्हटले की प्रवेश समितीच्या कपाळावर आठ्या पडतात. आधी अर्जदाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात : कुठल्या शाळेत, किती वर्षे, कोणते विषय, परीक्षा कशी व्हायची, गुण कशातून दिले जायचे. हाती असेल तो कागद तो जोडतो. छायाप्रत, मोबाइलवरचा फोटो, वाचनालयाचे कार्ड, काहीही. मग मूल्यमापनाचे काम करणारे दोन तज्ज्ञ त्याच्याशी बोलतात. एक जण त्या देशाची शिक्षणपद्धती जाणणारा असेल असे पाहतात. प्रश्न साधे असतात. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत काय केलेत? अंतर्गत गुण किती होते? नापास झालेल्या विषयाची फेरपरीक्षा कधी असायची? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुमचे काम कोणते? ज्याने खरोखर तीन वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकली, त्याला कंटाळवाण्या तासांची नावेही आठवतात. ज्याने नुसते वाचून पाठ केले तो अभ्यासक्रम सांगतो, पण वेळापत्रक, निकालाचा गोंधळ, कुठला विषय सगळ्यांना नकोसा वाटायचा, हे त्याला सांगता येत नाही. खोटा शिक्का बनवून देणारे दुकान सापडते. असले तपशील विकत मिळत नाहीत. म्हणून ‘मुलाखतीत फसवणूक होईल’ हा आक्षेप आम्हांला उलटा वाटतो. बनावट कागदाला जास्त सहज फसते ती कागदावर विसंबणारी पद्धत.

मुलाखतीनंतर ‘पात्रता पासपोर्ट’ म्हणून जो दस्तऐवज मिळतो त्यात शिक्षण, कामाचा अनुभव आणि भाषा यांचा गोषवारा असतो. तो पाच वर्षे चालतो आणि माणूस देश बदलून गेला तरी त्याची मुलाखत पुन्हा घ्यावी लागत नाही. ती औपचारिक मान्यता नव्हे. अंतिम निर्णय विद्यापीठाचाच. युनेस्कोने हाच विचार युरोपाबाहेर नेला आणि २०१९ मध्ये झांबियात सुरुवात केली. त्याच वर्षी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने उच्च शिक्षणातील पात्रतांच्या मान्यतेचा जागतिक करार संमत केला, जो २०२३ मध्ये अमलात आला. निर्वासितांची पात्रता आणि अर्धवट राहिलेले शिक्षण, दोन्ही त्याच्या कक्षेत येतात.

कोणी म्हणेल, आमचा देश या करारांत नाही. नसेल. पण १९५१ च्या करारात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यातली दोन-तीन कलमे तुमच्या विधी सल्लागाराला जरूर वाचायला द्या. बाविसावे कलम प्राथमिक शाळेपुढच्या शिक्षणासाठी निर्वासितांना शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी असे सांगते, आणि त्यात परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांचा नावानिशी उल्लेख आहे. सहावे कलम म्हणते, की निर्वासित असल्यामुळेच जी अट पूर्ण करणे अशक्य आहे ती त्याला लावू नये. आणि पंचविसावे कलम तर जणू या पत्रासाठीच लिहिले आहे : एखादा हक्क बजावण्यासाठी परदेशी अधिकाऱ्यांची मदत लागत असेल आणि निर्वासिताला त्यांच्याकडे जाता येत नसेल, तर आश्रय देणाऱ्या देशाने ती मदत स्वतःच्या अधिकाऱ्यांमार्फत मिळवून द्यावी, त्यांनी दिलेले कागद मूळ कागदांच्या जागी धरावेत आणि उलट पुरावा मिळेपर्यंत खरे मानावेत. सत्तर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना छावणीतल्या माणसाची नस बरोबर कळली होती, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप होता.

त्या काळात विद्यापीठेही आजच्यापेक्षा धीट होती, असे आमचे मत आहे. महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या हाती पडल्यावर पोलंडचे सैन्य स्कॉटलंडमध्ये येऊन थांबले. त्यात वैद्यकीय विद्यार्थी होते आणि वैद्यकीय शिक्षकही. मायदेशातली विद्यापीठे नाझींनी बंद केली होती. एडिंबरा विद्यापीठाने १९४१ मध्ये आपल्या आवारात पोलिश वैद्यकीय विद्यालय उघडू दिले; पोलिश शिक्षक, पोलिश विद्यार्थी, शिकवण्याची भाषाही पोलिश. १९४९ मध्ये ते बंद झाले तोवर २२७ डॉक्टर तिथून बाहेर पडले. युद्ध ऐन भरात असताना, बॉम्ब पडत असताना हे सुरू झाले. १९४६ मध्ये हॅम्बुर्गमध्ये एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियाच्या विस्थापित प्राध्यापकांनी ‘बाल्टिक विद्यापीठ’ काढले. वर्ष उलटल्यावर ते पिनेबर्गला हलले आणि १९४९ पर्यंत चालले. शिकवणारेही निर्वासित, शिकणारेही.

आमची सर्वांत आवडती गोष्ट शॉप्रोनची. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर हंगेरीतल्या शॉप्रोन गावच्या वनविद्या महाविद्यालयातले प्राध्यापक, त्यांची कुटुंबे आणि विद्यार्थी सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात गेले. आम्हांला एकत्र घ्या, अशी विनंती त्यांनी केली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने ती मान्य केली. १९५७ मध्ये सुमारे दोनशे विद्यार्थी आपल्या शिक्षकांसह तिथे पोहोचले आणि विद्यापीठाने ‘शॉप्रोन विभाग’ म्हणून त्यांची वेगळी शाखाच चालवली. आधी हंगेरियनमध्ये शिकायचे, हळूहळू इंग्रजीकडे वळायचे. १९६१ मध्ये शेवटची तुकडी पदवीधर झाली आणि विभाग बंद झाला. तेव्हा ना ऑनलाइन अर्ज होते ना मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे. एका विद्यापीठाने ठरवले, इतकेच. (ते विद्यार्थी गोरे होते, शीतयुद्ध चालू होते आणि त्यांचे स्वागत करण्यात राजकीय सोयही होती, हे आम्ही विसरत नाही. पण सोयीपोटी जे जमले ते न्यायापोटी का जमू नये?)

आता अलीकडचा आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या म्हणजे यूएनएचसीआरच्या २०२४ च्या शिक्षण अहवालानुसार निर्वासित तरुणांपैकी ७ टक्के उच्च शिक्षणात होते. २०१९ मध्ये हे प्रमाण ३ टक्के होते आणि त्याच्या थोडे आधी १ टक्का. २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर जायचे, असे उद्दिष्ट आहे. जगातल्या एकंदर तरुणांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. वाढ झाली ती आपोआप नाही. जर्मन सरकारच्या पैशावर १९९२ पासून चालणाऱ्या, अल्बर्ट आइन्स्टाइनच्या नावाच्या ‘डाफी’ शिष्यवृत्तीने आजवर २० हजारांहून अधिक निर्वासितांना पदवीपर्यंतचे शिक्षण मिळवून द्यायला मदत केली, आणि तीही बहुतांशी त्यांनी जिथे पहिला आश्रय घेतला त्याच देशांत. हे महत्त्वाचे आहे, कारण बहुसंख्य निर्वासित श्रीमंत देशांत नसतातच. ते शेजारच्या, बेताच्या ऐपतीच्या देशांत असतात. दर तीन निर्वासितांपैकी सुमारे दोघे पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अशा अवस्थेत अडकलेले आहेत. ‘परत गेल्यावर शिकतील’ हे म्हणणे त्यामुळे निरर्थक ठरते. पाच-दहा वर्षांत शिकण्याचे वय निघून जाते.

तुमच्या बैठकांत जे आक्षेप निघतात ते आम्हांला ऐकून माहीत आहेत. ‘आमच्याच मुलांच्या जागा कमी होतील.’ ही भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरातले मूल एका गुणाने मागे राहिले त्या घराला ती खरी वाटते. पण आम्ही राखीव जागा मागत नाही. अर्ज तपासला जावा, एवढेच मागतो. तपासल्यावर पात्र नसेल तर नाकारा. जिथे जास्तीच्या जागा देता येतील तिथे त्या द्या. दुसरा आक्षेप दर्जाचा : वैद्यक, औषधनिर्माण, विमानविद्या अशा शाखांत कागदाशिवाय कसे चालेल? इथे आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. रुग्णाच्या अंगावर हात ठेवणाऱ्याची परीक्षा कडकच हवी. ती घ्या. फक्त परीक्षेला बसण्यासाठी आधी गुणपत्रिका मागू नका.

अर्धवट शिक्षणाचा मुद्दा वर आला, तो जरा ओढून पुढे नेतो, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चौथ्या वर्षातून पळालेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ उदारपणे प्रवेश देते, पण पहिल्या वर्षात. मग तो तेवीस-चोवीस वर्षांचा, घरची जबाबदारी अंगावर, आणि समोर पुन्हा चार वर्षे. बहुतेक जण दुसऱ्या वर्षी सोडून देतात आणि तुमच्या नोंदीत ‘गळती’ म्हणून जमा होतात. विषयवार परीक्षा घेऊन जेवढे येते तेवढ्याचे श्रेयांक (क्रेडिट) दिले तर हेच विद्यार्थी दीड-दोन वर्षांत पदवीधर होतील. जागाही लवकर मोकळी होईल, खर्चही वाचेल. यात कोणावर मेहेरबानी नाही.

शुल्काबद्दल थोडक्यात. आश्रयाचा अर्ज अजून तपासात असलेल्या माणसाला कित्येक ठिकाणी ‘परदेशी विद्यार्थी’ म्हणून धरतात. इंग्लंडमध्ये निर्वासित दर्जा मिळाला की शुल्क स्थानिक दराने, पण निर्णय प्रलंबित असेल तोवर साधारणपणे परदेशी दराने; त्यामुळे तिथल्या काही विद्यापीठांना खास शिष्यवृत्त्या काढून हे अंतर भरावे लागते. परदेशी दर ठरवले गेले ते जगभरातून निवडीने येणाऱ्या, घरचे पाठबळ असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. ज्याने निवड केलीच नाही त्याला ते लावणे हा निव्वळ वर्गवारीचा आळस आहे. भाषेच्या परीक्षांचेही तसेच. प्रमुख इंग्रजी परीक्षांचे निकाल दोन वर्षांनी जुने ठरतात, आणि परीक्षा केंद्रावर ओळख म्हणून अनेकदा पासपोर्टच लागतो. भाषेची चाचणी तुम्ही स्वतः घेऊ शकता. तुमच्याकडे भाषा विभाग आहे ना?

दुसऱ्या देशातून विद्यार्थी आणायचा असेल तर मात्र सरकारशी बोलावेच लागते. विद्यार्थी व्हिसाची नेहमीची अट असते, की शिक्षण संपल्यावर मी मायदेशी परतेन हे पटवून द्या. निर्वासिताने ते कसे पटवावे? परतता येत असते तर तो निर्वासित नसता. या पेचातून वाट काढणारी दोन उदाहरणे आम्हांला आशादायक वाटतात. कॅनडात ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’ ही संस्था १९७८ पासून निर्वासित विद्यार्थ्यांना आणते. विशेष म्हणजे खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थीच उचलतात. अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी मतदान करून आपल्या शुल्कात छोटीशी भर घालून घेतली आहे. नवा विद्यार्थी उतरतो तेव्हा त्याला घ्यायला विद्यार्थ्यांचीच समिती जाते, खोली दाखवते, बँकेत खाते उघडून देते. तो येतो तोही कायमस्वरूपी रहिवासी म्हणून, त्यामुळे पदवीनंतर पुन्हा व्हिसाची टांगती तलवार नाही. दोन हजारांहून अधिक तरुण असे आले. इटलीत बोलोन्या विद्यापीठापासून २०१९ मध्ये सुरू झालेला ‘युनिकोर’ उपक्रम पदव्युत्तर शिक्षणासाठी आफ्रिकेतल्या आश्रयदात्या देशांतून विद्यार्थी आणतो. त्यात विद्यापीठे, परराष्ट्र खाते आणि धर्मादाय संस्था एका टेबलावर बसतात. दोन्हींत विद्यापीठांतल्या लोकांनी पुढाकार घेतला.

ऑनलाइन शिक्षणावर सगळी भिस्त टाकू नका, हेही सांगायला हवे. छावणीत वीज जाते, डेटा महाग असतो, एका फोनवर तिघे शिकतात. केनियातल्या दादाब छावणीत यॉर्क, केन्याटा, मोई आणि ब्रिटिश कोलंबिया या विद्यापीठांनी २०१३ पासून चालवलेल्या उपक्रमात ऑनलाइनच्या जोडीला प्रत्यक्ष वर्गही होते, आणि शेवटी हातात येत होती ती त्या विद्यापीठांची खरी पदवी किंवा पदविका. याउलट, अनेक संस्था सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे वाटतात. आमच्या ओळखीच्या कित्येक मुलांकडे अशा प्रमाणपत्रांचा गठ्ठा आहे, आणि त्यातले एकही तुमच्या प्रवेश अर्जात चालत नाही. श्रेयांक देणार नसाल तर अभ्यासक्रम उघडून त्यांचा वेळ घेऊ नका.

पुढच्या वर्षीचे माहितीपत्रक छापायला जाण्याआधी तुमच्या प्रवेश समितीची बैठक होईल. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या : ‘कागदपत्रे सादर करू न शकणाऱ्या निर्वासित अर्जदारांचे मूल्यमापन’. वकिलातीच्या साक्षांकनाची अट या अर्जदारांपुरती त्याच बैठकीत रद्द करता येईल. मुलाखतीसाठी दोन प्राध्यापक आणि एक दुभाषी नेमा, आणि हे काम एका ठरावीक व्यक्तीकडे द्या, जिचे नाव व पत्ता अर्जाच्या पहिल्या पानावर असेल. निर्वासित विद्यार्थ्याला विभागाविभागांत फिरवणे हीच पुष्कळदा नकाराची रीत असते. ‘अनिवार्य’ या ओळीखाली एवढेच छापा, की निर्वासित व आश्रयार्थींनी कागद नसल्यास अर्ज अपूर्ण न समजता पुढील व्यक्तीशी संपर्क साधावा. पहिल्या वर्षी कदाचित तीनच अर्ज येतील. दुसऱ्या वर्षी बातमी छावणीपर्यंत पोहोचली की जास्त येतील, म्हणून मुलाखतीच्या तारखा आधीच ठरवून ठेवा.

प्रश्नावलीचा नमुना, मुलाखतीची पद्धत, निकालपत्राचा मसुदा हे सारे युरोप परिषद आणि युनेस्को यांनी खुले ठेवले आहे. ते तुमच्या भाषेत आणायला, पहिल्या मुलाखतींना दुभाषी म्हणून बसायला आम्ही येऊ. बैठकीत काय ठरले ते कळवा. नकार असेल तर तोही कारणासह कळवा, म्हणजे अर्ज हातात घेऊन बसलेल्या मुलांना दुसरीकडे पाठवता येईल.

कळावे.

आपले नम्र,
निर्वासित विद्यार्थ्यांचे अर्ज भरायला मदत करणारे काही जण